शिकाऊ पोरांची रेसगाडी

सेमिस्टरचे शेवटचे सबमिशन झाले की आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर दरवर्षी एक वाद पेटतो. मेसमध्ये सुरू होतो, कॉरिडॉरमध्ये रंगतो आणि रात्री दीड वाजता टपरीवर कटिंग मारताना संपतो. म्हणजे संपत नाहीच, दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो. विषय एकच : पुढच्या वर्षीची आमची रेसगाडी कशी असावी? पुढे-मागे पंख लावायचे का? स्टीलच्या पाइपांची चौकट सोडून कार्बन फायबरकडे वळायचे का? यंदा या वादात मी एकटा पडलो. सात विरुद्ध एक! कॉरिडॉरमध्ये आवाज पुरला नाही म्हणून हा लेख. संपादक मंडळातल्या मित्राने विचारले, "मराठी विभागात हे टेक्निकल चालेल का रे?" न चालायला काय झाले? वेल्डिंग करताना हात भाजला की आपण ओरडतो ते मराठीतच!

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. शिकणाऱ्यासाठी बनवलेली रेसगाडी म्हणजे मोठ्या गाडीची छोटी नक्कल नव्हे. तिचे डिझाइन हा वेगळा विषय आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड विषय आहे. ती किती वेगाने पळते यापेक्षा ती किती जणांना, किती दिवस आणि काय शिकवते यावर तिला मार्क द्यायला हवेत.

सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्या मित्रांसाठी थोडी प्रस्तावना. एकच सीट, उघडी चाके, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे अशा गाड्यांच्या शर्यतींची एक शिडी असते. पोरगा किंवा पोरगी आठ-दहा वर्षांची असताना गो-कार्टपासून सुरुवात करते. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा खऱ्या सिंगल-सीटर गाडीत बसते. मग फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू, आणि नशीब, गुण आणि पैसा तिन्ही असेल तर फॉर्म्युला वन. आपल्या रूमच्या भिंतींवर पोस्टर असते ते शेवटच्या पायरीचे. पहिल्या पायरीचे पोस्टर मी अजून एकाही रूमवर पाहिलेले नाही. पण शिडीची सगळ्यात महत्त्वाची पायरी कोणती? जिच्यावर पहिला पाय पडतो ती!

ही पहिली पायरी नीट विचार करून बांधल्याचे जुने आणि गाजलेले उदाहरण म्हणजे इंग्लंडमधली फॉर्म्युला फोर्ड. १९६० च्या दशकात ब्रँड्स हॅच या ट्रॅकवर एक रेसिंग स्कूल चालायचे. शिकाऊ मंडळींच्या हाती रेसिंगची इंजिने दिली की ती टिकत नसत, रेसिंगचे टायर भराभर झिजत, आणि स्कूलचे दिवाळे निघायची वेळ येई. यातून एक साधी युक्ती निघाली. रस्त्यावर धावणाऱ्या फोर्ड कॉर्टिना गाडीचे इंजिन घ्यायचे, रस्त्यावरचेच टायर लावायचे, चौकट स्टीलच्या पाइपांची ठेवायची आणि पंख अजिबात लावायचे नाहीत. पूर्ण गाडी १००० पौंडांत बसली पाहिजे, अशी सुरुवातीची अट होती. १९६७ च्या जुलैत पहिली शर्यत झाली. पुढे १६०० सीसीचे केंट इंजिन आले आणि तेच वर्षानुवर्षे राहिले. ब्राझीलहून आलेला आयर्टन सेना १९८१ मध्ये इंग्लंडात पहिला नावारूपाला आला तो याच गाडीत. जेन्सन बटन १९९८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला फोर्डचा चॅम्पियन झाला. दोघेही पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते!

आता यात डिझाइन ते काय, असे आमचे सात जण विचारतात. सांगतो.

पंख नसलेल्या गाडीला रस्त्यावर पकड मिळते ती फक्त टायरमधून. टायरवर जितके वजन दाबेल तितकी पकड. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येते आणि पुढचे टायर चावतात. ॲक्सिलरेटर दिला की वजन मागे सरकते. म्हणजे पंधरा वर्षांच्या पोराला वळणात शिरताना आपल्या पायाने गाडीचे वजन इकडून तिकडे हलवायला शिकावे लागते. पुस्तकात आपण ज्याला 'लोड ट्रान्सफर' म्हणतो आणि व्हायवात अडखळतो, ते हा पोरगा पार्श्वभागाने शिकतो! पंख लावले की हवाच गाडीला खाली दाबते, आणि चूक झाली तरी गाडी बऱ्याचदा सांभाळून घेते. शिवाय पंखवाली गाडी दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे लागली की तिला स्वच्छ हवा मिळत नाही आणि पुढची पकड कमी होते. बिनपंखांच्या गाड्यांना ही अडचण नाही. त्या एकमेकींच्या शेपटीला लागून पळतात, ओव्हरटेक करतात, पुन्हा मागे पडतात. अर्ध्या तासाच्या शर्यतीत पोरगा चाळीस वेळा निर्णय घेतो. म्हणजे पंख काढून टाकणे हा गरिबीचा नव्हे, शिकवण्याचा निर्णय होता.

दुसरे असे की, सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या आणि इंजिन साधे असले, की हरल्यावर "गाडीच बेकार होती" असे म्हणायची सोय राहत नाही. आपण सब्मिशनला "प्रिंटर बंद होता" म्हणतो तसे! चूक कोणाची ते स्पष्ट दिसते. माझ्या मते शिकाऊ गाडीची व्याख्याच करायची तर ती अशी : जिच्यातली चूक शिकणाऱ्याची स्वतःची असते आणि जिची मोडतोड तो त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने दुरुस्त करू शकतो.

हे सगळे इंग्लंडचे झाले. आता आपल्याकडची गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली.

आमची टीम विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेसाठी कोइमतूरला जाते. तिथल्या ट्रॅकचे नाव कारी मोटर स्पीडवे. दोन वर्षे मी समजत होतो की 'कार'वरून काहीतरी 'कारी' केले असेल. तमिळमध्ये काही अर्थ असेल, असेही एकाने ठोकून दिले होते. मागच्या वर्षी तिथल्या एका वयस्कर मेकॅनिकने हसत हसत आमचा गैरसमज दूर केला. कारी म्हणजे एस. करिवर्धन. कोइमतूरचे उद्योजक, स्वतः रेसर, आणि गाड्या बनवणारे. १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. त्या वेळी भारतात सिंगल-सीटर रेसिंग म्हणजे परदेशातून आणलेल्या जुन्या गाड्या आणि त्या पोसू शकणारे मोजके श्रीमंत लोक. शर्यती व्हायच्या मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर, आणि १९९० पासून श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर. या माणसाने पाहिले की देशात एक इंजिन असे आहे जे प्रत्येक गावात मिळते, ज्याचा प्रत्येक सुटा भाग मिळतो आणि जे प्रत्येक मेकॅनिकला उघडता येते. मारुती ८०० चे!

७९६ सीसी, तीन सिलिंडर. मूळ गाडीत त्याची ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आतच. आपल्याला हसू येईल. आमच्या कॅप्टनला तर आलेच. "चाळीस हॉर्सपॉवर? त्यापेक्षा माझी बाइक बरी!" पण या इंजिनावर बांधलेल्या सिंगल-सीटरमधून फॉर्म्युला मारुती हा वर्ग उभा राहिला. त्यात कोइमतूरचाच एक पोरगा, नारायण कार्तिकेयन, शर्यती शिकला. तिथून तो युरोपात गेला, १९९४ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला फोर्डची विंटर सिरीज जिंकला आणि २००५ मध्ये जॉर्डन टीमकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करुण चंधोकसुद्धा फॉर्म्युला मारुतीतूनच वर आला आणि २०१० मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला. म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये आजवर शर्यत केलेले दोनच भारतीय, आणि दोघांचाही पहिला पाय पडला तो मारुती ८०० च्या इंजिनावर!

करिवर्धन यांच्यापुढचा प्रश्न मला कोणत्याही फॉर्म्युला वन डिझायनरच्या प्रश्नापेक्षा कमी वाटत नाही. तिकडे प्रश्न असतो, 'पैसा कितीही लागो, एका लॅपमध्ये सेकंदाचा दहावा भाग कसा वाचवू?' इकडे प्रश्न होता, 'देशात जे मिळते त्यातूनच अशी गाडी कशी बनवू, की ती दहा-वीस जणांना परवडेल, आपटली तर आठवड्यात उभी राहील आणि तरीही पोराला खरी रेसगाडी कशी वागते ते शिकवेल?' पहिल्या प्रश्नात मोकळीक फार. दुसऱ्यात चारही बाजूंनी भिंती. आणि इंजिनिअरिंग म्हणजे भिंतींच्या आत घर बांधणेच ना?

आता आमच्या घरचे. कान धरून सांगतो, कारण यात मीही होतो.

मागच्या वर्षीच्या गाडीला पंख लावायचे ठरले तेव्हा मीच सर्वांत मोठ्याने 'हो' म्हणालो होतो. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चौघेजण कॉम्प्युटर लॅबमध्ये हवेचा प्रवाह रंगवत बसलो. लाल-निळी चित्रे काय सुंदर येत होती! रिपोर्टमध्ये छापली, स्पॉन्सरना दाखवली, सर खूश, आम्ही खूश. तिकडे वर्कशॉपमध्ये चौकटीचे पाइप कापून पडले होते. वेल्डिंगचे मामा रोज विचारायचे, "काय पोरांनो, जिग कधी लावायचा? का माझ्या रिटायरमेंटनंतर?" आम्ही म्हणायचो, "मामा, या आठवड्यात नक्की." असे सात आठवडे गेले. गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभी राहिली ती स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना. ड्रायव्हरला सराव मिळाला दोन दिवस, तोही कॉलेजच्या पार्किंगमध्ये.

स्पर्धेत ब्रेक टेस्ट असते. गाडी वेगात आणून जोरात ब्रेक मारायचा, चारही चाके एकदम लॉक झाली पाहिजेत आणि गाडी सरळ थांबली पाहिजे. आमची मागची चाके लॉक होईनात. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. शेवटी खाली झोपून पाहिले तेव्हा कळले, पेडलचा जोर मास्टर सिलिंडरपर्यंत पोहोचतच नव्हता. ज्या पत्र्यावर पेडल बॉक्स बसवला होता तो पत्राच वाकत होता. अडीच मिलिमीटरचा पत्रा, खाली एक आडवी पट्टी हवी होती, बस. पेडल बॉक्स ज्याने डिझाइन केला होता तो सीनियर आदल्या वर्षी पास आउट होऊन नोकरीला लागलेला. त्याला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये. आमच्यापैकी एकालाही त्या बॉक्सची आतली मांडणी माहीत नव्हती. पट्टी लावेपर्यंत वेळ संपली. गाडी शर्यतीत उतरलीच नाही. चार महिने खपून बनवलेले पंख ट्रॅकवरच्या हवेला लागलेसुद्धा नाहीत!

परतीच्या ट्रेनमध्ये आमचा ड्रायव्हर रात्रभर दारात बसून होता. काही बोलला नाही. त्याचे ते शेवटचे वर्ष होते.

तेव्हापासून मी थोडे गणित करतो आहे. पंखांचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला समजा ४० किलोचा दाब मिळत असेल, तर ताशी ५० ला मिळतो फक्त १०. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतला ट्रॅक मुद्दाम वाकडातिकडा आखलेला असतो आणि सरासरी वेग पन्नाशीच्या आसपासच राहतो. खोटे कशाला बोलू, परदेशातल्या पहिल्या फळीतल्या विद्यार्थी टीम मोठमोठे पंख लावतात आणि त्यांना फायदाही होतो. पण त्यांच्यामागे पंधरा-वीस वर्षांच्या नोंदी आहेत, तयार गाडी घेऊन महिनोन्महिने केलेला सराव आहे. आमच्यामागे काय? एक हार्ड डिस्क, तीही करप्ट.

इथे कोणी म्हणेल, "मग काय, साधेपणाच्या नावाखाली स्वस्तात उरकायचे?" अजिबात नाही. साधेपणाला एक सीमा आहे आणि ती नेमकी कुठे आहे हे सांगणारी गोष्ट मी टीमला परत परत सांगतो.

१६ एप्रिल २०१७. इंग्लंडमधला डॉनिंग्टन पार्क ट्रॅक, ब्रिटिश फॉर्म्युला फोरची शर्यत. बिली माँगर नावाचा १७ वर्षांचा मुलगा. समोर एक गाडी जवळजवळ थांबलेली, आणि मधल्या गाड्यांमुळे त्याला ती दिसली नाही. पूर्ण वेगात मागून धडक. गाडीतून बाहेर काढायलाच सुमारे दीड तास लागला. त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. आपल्यापैकी फर्स्ट इयरला येतात त्यांच्याहून लहान मुलगा! त्याची गाडी काही गावठी नव्हती. कार्बन फायबरची, सगळ्या नियमांत बसणारी होती. सिंगल-सीटरमध्ये ड्रायव्हर जवळजवळ आडवा असतो आणि त्याचे पाय सगळ्यात पुढे, हा या गाडीच्या आकारातच असलेला धोका आहे. हा पठ्ठ्या पुढच्याच वर्षी हाताने चालवायच्या कंट्रोलसह फॉर्म्युला थ्रीमध्ये परतला आणि २०१९ मध्ये फ्रान्समधली पाव ग्रां प्री जिंकला. पण म्हणून डिझायनरने सुटकेचा निःश्वास टाकायचा नसतो. २०२२ पासून आलेल्या नव्या पिढीच्या फॉर्म्युला फोर गाड्यांवर डोक्यासमोरचे 'हेलो' हे कडे आले, बाजूच्या धडकेसाठी जास्त भक्कम रचना आली. गाडी जड झाली, महागही झाली. आणि ते योग्यच झाले.

म्हणून माझा नियम असा : ड्रायव्हरचे शरीर आणि भिंत यांच्यामध्ये जे जे येते तिथे एक रुपयाही वाचवायचा नाही. बाकी सगळीकडे वाचवायचा.

आमच्या स्पर्धेच्या नियमावलीत हेच तर लिहिले आहे, फक्त आपण ते पास होण्यापुरते वाचतो. गाडीच्या नाकात धडक शोषणारा एक ठोकळा लागतो. ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगाने, म्हणजे ताशी साधारण २५ किलोमीटरने, भिंतीवर गेली तर ड्रायव्हरला बसणारा सरासरी झटका गुरुत्वाच्या वीसपटीहून जास्त असता कामा नये. गणित करून पाहा : ऊर्जा ७३५० ज्यूल आणि ती जिरवायला कमीत कमी साडेबारा सेंटीमीटर चुरगळणारी लांबी हवी. साडेबारा सेंटीमीटर म्हणजे आपल्या ड्रॉइंगच्या पट्टीच्या निम्म्याहूनही कमी. त्यावर एका मित्राचे पाय अवलंबून! डोक्यामागची कमान आणि स्टीअरिंगसमोरची कमान यांना जोडणाऱ्या रेषेपासून हेल्मेट निदान ५० मिलिमीटर आत हवे. सगळे बेल्ट लावून बसलेला ड्रायव्हर ५ सेकंदांत बाहेर पडला पाहिजे. मागच्या वर्षी आम्ही पंखांवर चार महिने घालवले आणि या ठोकळ्यावर चार दिवस. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवे.

आता पैशाचे. आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाने २०१४ मध्ये फॉर्म्युला फोर सुरू केली ती खर्चाला वेसण घालण्यासाठीच. चॅसिसच्या किमतीवर मर्यादा, इंजिनाच्या ताकदीवर मर्यादा, इंजिन वारंवार उघडावे लागू नये अशी अट. वर्षाचा खर्च १ लाख युरोच्या आसपास राहावा, असा हेतू होता. आणि झाले काय? गाडी खरेच आटोक्यात राहिली, पण युरोपातल्या चांगल्या टीममध्ये वर्षाचा खर्च त्याच्या कित्येक पट गेला. कसा? गाडी सगळ्यांची सारखी, मग फरक कुठे पाडायचा? जास्त दिवस सराव, जास्त टायर, सिम्युलेटर, खास कोच. पाणी जसे उतार शोधते तसा पैसा नियमातली फट शोधतो. यातून मी शिकलो ते असे की शिकाऊ गाडीचे डिझाइन ड्रॉइंग बोर्डवर संपत नाही. सरावाचे दिवस किती, टायरचे सेट किती, हेसुद्धा डिझाइनच आहे. पाइपाची जाडी जितक्या काळजीने ठरवतो तितक्याच काळजीने हे ठरवावे लागते.

आपल्याकडेही २०२३ पासून या आंतरराष्ट्रीय नियमांची फॉर्म्युला फोर आली, फ्रान्सच्या मीगाल कंपनीच्या गाड्या घेऊन. २०२४ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर दिव्यांच्या प्रकाशात रात्रीची शर्यत झाली तेव्हा आम्ही टीव्ही रूम अडवून बसलो होतो (वॉर्डन सर, क्षमस्व!). बघायला झकास. पण कोइमतूरकडची एल. जी. बी. फॉर्म्युला फोर ही नावाने सारखी आणि जातीने वेगळी. पाइपांची चौकट, मारुतीचे १.३ लिटर इंजिन, आपल्याच देशात बनलेली गाडी. करिवर्धन यांच्या विचाराचीच ही पुढची पिढी म्हणायची. एखाद्या शिक्षकाच्या किंवा दुकानदाराच्या पोराने रेसर व्हायचे स्वप्न पाहिलेच, तर त्याच्यासाठी दार निदान किलकिले असेल ते इथे. माझ्या मते देशाला या दोन्ही गाड्या हव्यात. पण दोनपैकी जास्त मान कोणत्या डिझायनरला, असे विचाराल तर माझे मत उघड आहे.

माझ्या विरुद्ध पक्षाचे म्हणणेही मांडतो, नाहीतर लेख एकतर्फी होईल. ते म्हणतात, "इंटरव्ह्यूमध्ये कार्बन फायबर म्हटले की समोरचा सरसावून बसतो. पाइप वेल्डिंग म्हटले की पुढचा प्रश्न विचारतो." खरे आहे. दुसरा मुद्दा, "कॉलेजात नाही तर नवीन प्रयोग कधी करायचे? नोकरीत का कोणी पंख करायला देणार आहे?" हाही मुद्दा खराच, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणतो की प्रयोग करावा, पण चालत्या गाडीवर करावा. उभ्या गाडीवर केलेला प्रयोग म्हणजे नुसते चित्र. आणि इंटरव्ह्यू घेणारा जाणकार असेल तर तो "काय बनवलेत?" असे विचारून थांबत नाही. "काय मोडले आणि कसे दुरुस्त केलेत?" हेही विचारतो. मोडण्यासाठी गाडी आधी पळावी लागते!

तेव्हा पुढच्या वर्षासाठी माझ्या चार सूचना. एक, गाडी दिवाळीच्या सुट्टीआधी चाकांवर उभी राहिली पाहिजे, मग ती कितीही साधी असो. दोन, गाडीच्या प्रत्येक भागावर एक सीनियर आणि दोन ज्युनियर असावेत, आणि तो भाग त्या ज्युनियरांनी एकदा पूर्ण खोलून परत जोडल्याशिवाय सीनियरला सुट्टी नाही. तीन, पंख यंदा बाजूला. तो पैसा ब्रेक, बेल्ट, नाकातला ठोकळा आणि सरावाचे पेट्रोल यांवर. चार, ड्रायव्हरला निदान पंधरा दिवस सराव. या चारही गोष्टी झाल्या आणि तरीही आपण हरलो, तर पुढच्या वर्षी पंखांचे ड्रॉइंग मी स्वतः काढीन.

मागच्या आठवड्यात सहज वर्कशॉपमध्ये गेलो होतो. मागच्या वर्षीची गाडी ताडपत्रीखाली कोपऱ्यात उभी आहे. पंख वर माळ्यावर टाकलेत, त्यांत चिमणीने घरटे केले आहे. म्हणजे उडण्याशी त्यांचा शेवटी संबंध आला म्हणायचा! मामा म्हणाले, "काय रे, यंदा तरी लवकर येणार का पोरं? मला मार्चपर्यंतच आहे हां इथे." मी विचारले, "मामा, तो पेडलखालचा पत्रा तुम्हाला तेव्हाच कच्चा वाटला होता का?" ते कानस पुसत म्हणाले, "वाटला होता ना. पण तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सगळे लॅबमध्ये."

ताडपत्री काढून मी पेडलवर पाय ठेवून पाहिला. पट्टी लावल्यापासून पत्रा हलत नाही. ब्रेक चांगला लागतो.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही ती गाडी पूर्ण खोलणार आहोत. मेकॅनिकलच पाहिजे असे नाही, कोणत्याही ब्रँचच्या फर्स्ट आणि सेकंड इयरवाल्यांनी जुने कपडे घालून यावे. पाने आम्ही देऊ, चहा मामा सांगतील त्या टपरीवर. आणि ते सात जणही येणार आहेत. वाद तिथेच घालू, हात काळे करत.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी